गवताच्या गंजीपासून मुंबईपर्यंत : अमेरिकन मराठी मिशनच्या तरुणांची तयारी

मंडळी, चर्चचा युवक संघ परदेशी सेवेला निघाला की काय गडबड असते ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं असेल. पासपोर्ट, लसी, वर्गणी, गाण्यांचा सराव, कोण कुठे साक्ष देणार याची यादी. दोनशे वर्षांपूर्वी असाच एक तरुण गट तयारी करून निघाला आणि, ध्यानीमनी नसताना, आपल्या मुंबईत येऊन पोचला. त्यांनी तयारी कशाची केली आणि इथे आल्यावर काय उपयोगी पडलं, एवढंच आज आपण बघू.

सुरुवात १८०६ च्या ऑगस्टमधली. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला बाहेर पडले होते. वादळी पाऊस आला, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. बोलणं चाललं होतं आशिया खंडाबद्दल. तिकडे सुवार्ता न्यायची तर आपणच का जाऊ नये, असा विषय सॅम्युएल मिल्स याने काढला. अमेरिकेत या गंजीला पुढे मोठं माहात्म्य आलं, तिथे स्मारकही आहे. पण त्या पाचांपैकी मिशनरी म्हणून आशियात प्रत्यक्ष गेला तो एकटा जेम्स रिचर्ड्स, तोही सिलोनला. मिल्स स्वतः कधीच आला नाही.

१८०८ मध्ये यातल्या काहींनी एक गुप्त मंडळ काढलं. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती. आज हसू येईल, पण कारण समजण्यासारखं आहे. तेव्हा अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठवणारी संस्थाच नव्हती, आणि घरच्यांना हे खूळ वाटलं असतं. सभासदाने परदेशी जाण्याच्या आड येईल असा कुठलाही शब्द कुणाला देऊन ठेवायचा नाही, असा नियम होता. आमच्या मते त्यांच्या साऱ्या तयारीत हा नियम सगळ्यात कठीण. गॉर्डन हॉल हा त्याच कॉलेजचा १८०८ चा पदवीधर. त्याला कनेटिकटमधल्या वुडबरीच्या चर्चने पाळक म्हणून बोलावलं होतं. घर, पगार, मान, सगळं होतं. त्याने नकार दिला.

मग अँडोव्हरची धर्मशाळा, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय. तिथे ॲडोनायरम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल हे भेटले. १८१० च्या जूनमध्ये या मुलांनी चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे अर्ज ठेवला. आधी अर्जावर सहा नावं होती. एकदम सहा जण बघून वडीलधारे दचकतील म्हणून दोन खोडली! त्या अर्जातून अमेरिकन बोर्ड ही संस्था जन्माला आली. पण पैसे कुठे होते? लंडनच्या मिशनरी सोसायटीकडे मदत मागायला जडसनला पाठवलं, तर वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि स्वारी काही काळ तुरुंगात.

आता शिक्षणाकडे या. ग्रीक, हिब्रू, धर्मशास्त्र, प्रवचन, हे सगळं पक्कं. हॉल आणि न्यूएल यांनी फिलाडेल्फियात वैद्यकीची व्याख्यानंही ऐकली. हिंदुस्थानातली एकही भाषा मात्र शिकलेली नव्हती. शिकणार तरी कुठली? ब्रह्मदेशात जायचं की आणखी कुठे, हेच पुरतं ठरलेलं नव्हतं.

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलम इथे हॉल, नॉट, न्यूएल, जडसन आणि ल्यूथर राइस या पाच जणांना दीक्षा मिळाली. त्याच आठवड्यात तीन लग्नं झाली. बायकांची तयारी म्हणून कुणी काही वेगळं केल्याचं दिसत नाही. लग्न झालं हीच तयारी. हॅरिएट न्यूएल अठरा वर्षांची होती. लग्नानंतर दहा दिवसांनी ती जहाजावर चढली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये वारली. तिचं बाळ तिच्या आधीच गेलं होतं. तिचं चरित्र मग अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं, आणि पुढच्या पिढीच्या मुली ते वाचून मिशनला निघाल्या. तयारीचं पुस्तक म्हणून एका मृत्यूची हकिगत, ही गोष्ट आम्हाला अजूनही बोचते.

जहाजं दोन होती. प्रवासात जडसन बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर ग्रीक नवा करार घेऊन बसला, आणि कलकत्त्यात पोचल्यावर तो बॅप्टिस्ट झाला. मागोमाग राइसही. म्हणजे काम सुरू व्हायच्या आत पाचातले दोन गेले, तेही नीट अभ्यास केल्यामुळे! त्यात कंपनी सरकारला मिशनरी नको होते, आणि अमेरिकेचं इंग्लंडशी युद्ध जुंपलेलं. परत जा, असा हुकूम निघाला. हॉल आणि नॉट दांपत्य कसेबसे मुंबईच्या जहाजावर चढले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये इथे उतरले.

इथेही तोच ससेमिरा. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने अनुकूल होते, पण त्यांना इंग्लंडला रवाना करा असा वरून आदेश होता. दोघे गुपचूप सिलोनकडे निघाले. कोचीनहून त्यांना परत आणलं गेलं. हॉलने गव्हर्नरला विनवणीची लांब पत्रं लिहिली. त्याच वर्षी पार्लमेंटने सनदेचा कायदा बदलून मिशनऱ्यांना वाट मोकळी केली, आणि अखेर त्यांना राहू दिलं.

आज हाकलतील की उद्या, अशा या दिवसांत ते मराठी शिकत होते. आमच्या दृष्टीने त्यांची खरी तयारी इथे सुरू झाली. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला होता, त्यामुळे पाया अगदीच नव्हता असं नाही. पण बंगालात बसून पंडिताच्या मदतीने केलेलं मराठी वेगळं आणि मुंबईच्या बाजारातलं वेगळं. रस्त्यावर, देवळापाशी उभं राहून बोलायचं तर समोरचा माणूस उलटून प्रश्न विचारतो. तिथे अँडोव्हरचं प्रवचन चालत नाही. आणि मुंबईचं मराठी तरी कुणाकुणाचं? नाशिकच्या वाटेवर थळ घाटाच्या उत्तरेला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वारली, कोकणा लोकांच्या तोंडी जी बोली होती ती शहरातल्या शिक्षकाकडून मिळणारी नव्हती. आपल्याकडे वावर म्हणजे शेत, आणि वावर म्हणजे वावरणंही. जव्हारात त्या नावाचं गावच आहे. शेत नकाशावर आखता येतं, वावर मात्र राहूनच होतो.

भाषा आल्यावर कामं भराभर उभी राहिली. १८१५ मध्ये नॉट आजारपणामुळे परतला, पण शाळा सुरू झाल्या. १८१६ मध्ये छपाई जाणणारा बार्डवेल आला आणि १८१७ पासून मराठी छपाई निघू लागली. मराठी मुद्रणात नाव काढलेले गणपत कृष्णाजी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकले. १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. ख्रिस्ती झालेले लोक मात्र फारच थोडे. ज्यासाठी आले ते जवळपास झालं नाही, आणि ज्याची घरी कुणी चर्चाही केली नसेल ते महाराष्ट्रात टिकलं.

न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल दोन तरुणांना बरोबर घेऊन नाशिकला गेला. तिथे पटकीची साथ होती. त्याने जवळची औषधं लोकांना वाटली, ती संपली. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत तो थांबला आणि त्याच रोगाने २० मार्चला वारला. स्वतःसाठी औषध उरलं नव्हतं. बरोबरच्या त्या दोघांनीच त्याला पुरलं.

त्याच वर्षी मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. पुढच्या वर्षी सिंथिया फरार ही अविवाहित बाई मुंबईत आली, मुलींच्या शाळा सांभाळायला. तिला कुठे जायचंय आणि काय करायचंय, हे या वेळी निघण्याआधीच ठरलेलं होतं.