मोरचुदाचे मूळ गव्हात

काणी लागलेला गव्हाचा दाणा वरून धडधाकट दिसतो. बोटांत चिरडला की पिठाऐवजी काळी भुकटी निघते, सडक्या मासळीच्या वासाची. मळणीत असे दाणे फुटले की ती भुकटी चांगल्या दाण्यांनाही चिकटते आणि पुढच्या पेरणीत शेतात जाते.

ही भुकटीच काणी पसरवते, हे 1755 मध्ये फ्रान्समधल्या मात्यू तिये यांनी दाखवले. ते त्रॉय गावच्या टांकसाळीचे प्रमुख. निरोगी बियाण्याला त्यांनी ती भुकटी चोळून पेरले, शेजारी स्वच्छ बी पेरले. चोळलेल्या बियाण्याचे पीक काणीने गेले. पण भुकटी जिवंत आहे, हे त्यांना उमगले नाही. ते तिला एक प्रकारचे विषच समजत राहिले.

ते उमगले फ्रान्समधल्याच मोंतोबां गावच्या बेनेदिक्त प्रेव्हो यांना. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात त्या भुकटीच्या कणांना कोंब फुटताना त्यांनी पाहिले. म्हणजे ते कण बुरशीचे बीजाणू होते. त्याच तपासात दिसले, की तांब्याशी संबंध आलेल्या पाण्यात ते रुजतच नाहीत. तांब्याचा अगदी लेशही पुरत होता. मग त्यांनी बियाणे मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात भिजवण्याचा उपाय सुचवला आणि 1807 मध्ये हे सारे छापले.

आपल्याकडे द्राक्षवाले मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे कूळ 1885 च्या फ्रेंच द्राक्षमळ्यांपर्यंत नेतात. पण तांबे बुरशीला रोखते, हे गव्हाने त्याआधी 78 वर्षे सांगितले होते.

पॅरिसच्या विद्वानांना बुरशी हेच रोगाचे कारण असल्याचे पटले नाही. प्रेव्हो 1819 मध्ये वारले. 1847 मध्ये फ्रेंच बुरशीतज्ज्ञ त्युलान बंधूंनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले आणि बुरशीला ‘टिलेशिया’ नाव दिले, तिये यांच्यावरून. प्रेव्हो यांचे नावही तिथे हवे होते, असे मला फार वाटते.

मोरचुदाने उगवण घटायची, म्हणून विसाव्या शतकात पाऱ्याची औषधे आली. काणी हटली. पण 1971 मध्ये इराकला पेरणीसाठी आलेला, पाऱ्याचे औषध लावलेला गहू बऱ्याच खेड्यांत पेरणी उरकल्यावर पोचला. पोत्यांवरचा इशारा परक्या भाषेत होता. दाण्यांना धोक्याचा रंग दिलेला होता. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, पारा राहिला. त्या पिठाच्या रोट्या खाऊन 6,530 माणसे रुग्णालयांत दाखल झाली, त्यांतली 459 दगावली.