सेमाग्लुटाइड

प्रकार-२ मधुमेहावरील औषध. स्थूल व्यक्तींचे वजन घटवण्यासाठीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. जेवल्यावर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे ते काम करते. साखर वाढली की इन्सुलिनचा स्राव वाढतो, जठर सावकाश रिकामे होते, भूक मंदावते आणि चार घासांतच पोट भरते.

इतिहास : अमेरिकेत मधुमेहासाठी २०१७ मध्ये (ओझेम्पिक) व वजनासाठी २०२१ मध्ये (वेगोवी) मान्यता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेणाऱ्या, मधुमेह नसलेल्या व्यक्तींचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटले. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले सुमारे दोन तृतीयांश परत चढले. भारतात गोळी (रायबेल्सस) २०२२ मध्ये व वेगोवी जून २०२५ मध्ये आली.

चंद्रपूर व गडचिरोलीतील वापर : स्थूलपणा आणि मधुमेह दोन्ही असलेल्यांना हे औषध उपयोगी. मात्र या जंगलपट्ट्यात मधुमेही माणूस हडकुळाही असतो. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये ‘प्रकार-५’ अशी मान्यता दिली. अशा रुग्णाची भूक मारणे घातक. त्याला पोटभर सकस अन्न व योग्य उपचार हवेत.

दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने एचबीए१सी ही सरासरी साखर सांगणारी चाचणी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवू शकते. म्हणून रक्तातील साखर थेट तपासावी. औषधामुळे उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी घटले, तर सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो.

साठवण : इंजेक्शनचे न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात, वापरातले पेनही ३० अंशांवर तापू देत नाहीत. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता बंद झाला की पुढचे पेन मिळणे अवघड. सलग मात्रा चुकल्यास डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करावे. कमी मात्रेपासून चढावे लागू शकते.

दक्षता : मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता नेहमीच्या, स्वादुपिंडदाह व पित्ताशयातील खडे क्वचित. गरोदरपणात, तसेच कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असल्यास वर्ज्य. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीसोबत घेतल्यास साखर एकदम उतरू शकते. चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याचे पाहून घेऊ नये. मधुमेह निघाला म्हणजे वजन उतरवायचे, हा नियम इथे सरसकट लावता येत नाही. आधी रुग्णाचे वजन, आहार आणि सिकलसेल तपासणे अत्यावश्यक आहे.