निवेदकाविना रहस्यकथा : शरदिंदू, सत्यजित राय आणि पडदा

रहस्यकथेकडे पाहण्याची आपल्या समीक्षेची दृष्टी बहुधा उदासीन राहिली आहे. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पण त्या वाचून वाढलेल्या पिढ्यांनीच पुढे जेव्हा वाङ्मयविचार केला, तेव्हा त्यांचा उल्लेख कौतुकमिश्रित संकोचानेच केला. बंगालीत हा संकोच पुष्कळ कमी आहे. तेथे शरदिंदू बंद्योपाध्याय आणि सत्यजित राय ह्यांच्यासारख्या, अन्य कारणांनीही मोठ्या ठरलेल्या लेखकांनी ह्या प्रकारात मनःपूर्वक काम केले आणि त्यांच्याच कथा पुढे चित्रपटात व दूरदर्शनवर आल्या. लिखित रहस्यकथा पडद्यावर जाते तेव्हा तिचे नेमके काय होते, हे पाहावयाचे असेल तर बंगालीइतके सोयीचे क्षेत्र आपल्याकडे दुसरे नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'पुस्तकात कल्पनेला वाव असतो, पडद्यावर तो उरत नाही' असे ठोकळेबाज दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. पडद्यावर जाताना रहस्यकथा एक विशिष्ट वस्तू गमावते, आणि ती वस्तू म्हणजे तिचा निवेदक. बाकीच्या साऱ्या अडचणी ह्या एका हानीतून उद्भवतात.

एडगर ॲलन पो ह्याने १८४१ साली आपला पहिला अन्वेषक निर्माण केला, तेव्हाच त्याच्या सोबतीला एक अनाम मित्र दिला आणि कथा त्या मित्राच्या तोंडी घातली. शेरलॉक होम्सचा वॉटसन हा त्याचाच वंशज. व्योमकेशचा अजित आणि फेलूदाचा तोपशे हे त्याचे बंगाली वारस. ह्या निवेदकाला सारे दिसते, पण त्याचा अर्थ कळत नाही. रहस्यकथेचा वाचकाशी जो अलिखित करार असतो, त्याचा जामीनदार हाच. अन्वेषकाला जे दिसले ते वाचकालाही दाखविले जाईल, हे वचन तो पाळतो. आणि तरीही वाचक चकतो, कारण त्याने पाहिले ते एका भाबड्या मनुष्याच्या डोळ्यांनी. लेखक खोटे बोलत नाही, निवेदकही खोटे बोलत नाही, आणि फसवणूक मात्र पूर्ण होते.

शरदिंदूंच्या 'सत्यान्वेषी' ह्या कथेत ह्या युक्तीचा फार चोख उपयोग आहे. कलकत्त्याच्या एका मेसमध्ये अजित राहत असतो. तेथे अतुलचंद्र नावाचा एक तरुण येतो आणि जागा नसल्यामुळे अजितच्याच खोलीत उतरतो. हा अतुलचंद्र म्हणजेच व्योमकेश बक्शी, हे अजितला ठाऊक नाही, म्हणून वाचकालाही ठाऊक नाही. नायक कोण हेच जेथे रहस्य आहे, अशी ही नायकाची प्रवेशकथा! निवेदकाचे अज्ञान काढून घेतले, तर ह्या प्रवेशाचा डौलच नाहीसा होईल.

शरदिंदूंचे स्वतःचे चरित्र ह्या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १८९९ साली जौनपूरचा. १९३२ पासून त्यांनी व्योमकेशच्या कथा लिहावयास आरंभ केला आणि चार-पाच वर्षांत दहा कथा लिहून ते थांबले. १९३८ साली ते पटकथालेखनासाठी मुंबईस 'बॉम्बे टॉकीज'कडे आले. चित्रपटाची चाकरी त्यांनी बराच काळ केली, पुढे ती सोडून १९५२ च्या सुमारास पुण्यास स्थायिक झाले आणि १९७० साली तेथेच वारले. व्योमकेशचे पुनरागमन 'चित्रचोर' ह्या कथेने १९५१ साली झाले आणि 'चिडियाखाना' ही कादंबरी १९५३ ची. म्हणजे ज्या वर्षांत हा लेखक पडद्यासाठी लिहीत होता, नेमक्या त्याच वर्षांत त्याचा अन्वेषक मौन धरून होता. ह्या योगायोगातून मोठा सिद्धांत काढण्याचे कारण नाही. पण बंगालीतील सर्वांत नागर अन्वेषकाच्या उत्तरायुष्याचा बराच भाग पुण्यात बसून लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानी ठेवावी अशी आहे.

दरम्यान भारतीय चित्रपटाने रहस्यासाठी स्वतःची वाट शोधली होती. 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही होम्सकथा बंगालीत अजय कर ह्यांच्या 'जिघांसा' (१९५१) ह्या चित्रपटात आणि हिंदीत बीरेन नाग ह्यांच्या 'बीस साल बाद' (१९६२) मध्ये अवतरली. दोन्हींकडे निवेदकाची उणीव भरून काढली ती भुताच्या आभासाने. प्रेक्षकाचे डोळे दिपवावयाचे तर त्यांच्यापुढे धुके हवे, रात्र हवी, दूरवरून येणारे गाणे हवे. अजितच्या अज्ञानाचे काम येथे वातावरणाने केले. मराठीत राजा परांजपे ह्यांचा 'पाठलाग' (१९६४) ह्याहून वेगळ्या आणि अधिक बुद्धिनिष्ठ मार्गाने गेला. पत्नीला मृत्यूच्या स्वाधीन करून आलेल्या वकिलापुढे तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी स्त्री उभी राहते आणि 'मीच तुमची पत्नी' म्हणते. जयंत देवकुळे ह्यांच्या 'आशा परत येते' ह्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा न्यायालयात घडते, आणि तिचे बळ त्यातच आहे. न्यायालयात प्रश्न विचारणे हीच कृती असते, उत्तर देणे हीच घटना असते. तेथे स्पष्टीकरणाला व्याख्यानाचे रूप येत नाही. राज खोसला ह्यांनी १९६६ साली 'मेरा साया' ह्या नावाने तिचा हिंदी अवतार केला, तेव्हा गीते नवी आली तरी हा कणा तसाच ठेवावा लागला.

सत्यजित राय १९६७ साली 'चिडियाखाना'कडे वळले ते ह्या पार्श्वभूमीवर. उत्तमकुमार व्योमकेश झाले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान ह्या चित्रपटासाठी रायांना मिळाला, आणि अभिनयाचा उत्तमकुमारांना 'अँटनी फिरिंगी'बरोबर ह्याही भूमिकेसाठी मिळाला. स्वतः राय मात्र ह्या कृतीविषयी कधीच समाधानी नव्हते, आणि मला वाटते, त्यांचे असमाधान पुरस्कार समितीच्या निर्णयाहून अधिक खरे होते.

अडचण कथेच्या मुळातच आहे. निवृत्त न्यायाधीश निशानाथ सेन ह्यांच्या गुलाब कॉलनीत समाजाने टाकलेली, कसला ना कसला डाग असलेली माणसे एकत्र नांदतात. आणि कोणे एके काळी चित्रपटात दिसून नाहीशी झालेली एक नटी त्यांच्यांतच लपली आहे काय, ही एक पृच्छा. कागदावर ही पृच्छा निर्वेध चालते. अजित सांगेल तेवढेच चेहरे आपण पाहतो, आणि शब्दांतून पाहिलेला चेहरा कोणाचाही असू शकतो. पडद्यावर तो चेहरा एका विशिष्ट नटीचा असतो आणि प्रेक्षकाला स्वतःचे डोळे असतात. शिवाय आपला प्रेक्षक नटनट्यांना ओळखून असतो. नावाजलेला नट एखाद्या बिनमहत्त्वाच्या भूमिकेत दिसला की पाठीमागच्या रांगेतून 'हाच तो' असा निर्वाळा येतो. हा अनुभव ज्याने चित्रपटगृहात घेतला नसेल असा वाचक विरळा.

दुसरी अडचण शेवटाची. संशयितांसमोर उभा राहून व्योमकेश उकल सांगू लागतो. कथेत हा भाग सर्वांत रम्य असतो, कारण वाचक मनातल्या मनात पाने उलटून मागे जात असतो. अमुक ठिकाणी आपण कसे चकलो, हे पडताळीत असतो. प्रेक्षकाला मागे जाता येत नाही. त्याच्यापुढे उरतो तो केवळ बोलणारा एक मनुष्य आणि ऐकणारी दहा माणसे. हे दीर्घ स्पष्टीकरण चित्रपटाच्या प्रकृतीला मानवत नाही, असे रायांनी पुढे स्वतःच सांगितले. त्रुफोशी १९६२ साली झालेल्या प्रदीर्घ संवादात हिचकॉकनेही हेच वेगळ्या रीतीने मांडले होते : टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला अगोदर सांगावे, म्हणजे टेबलाभोवतीचे अगदी किरकोळ संभाषणही त्याला श्वास रोखून ऐकावे लागते.

'सोनार केल्ला' (१९७४) मध्ये रायांनी हा बाँब दाखविला. कादंबरी त्यांचीच होती, १९७१ ची, आणि तिच्यात खलनायकाचे खरे रूप शेवटपर्यंत झाकलेले होते. पूर्वजन्म आठवणारा, सोन्याच्या किल्ल्याची चित्रे काढणारा मुकुल डॉक्टर हाजरांबरोबर राजस्थानात जातो; फेलूदा आणि तोपशे मागोमाग निघतात; जोधपूरला त्यांची हाजरांशी गाठ पडते. हे हाजरा खरे हाजरा नव्हेत, हे वाचकाला कळते ते तोपशेबरोबर, फार उशिरा. चित्रपटात मात्र जयपूरजवळच्या नाहरगढावर खऱ्या हाजरांना कड्यावरून लोटलेले आपण पाहतो. त्यानंतर फेलूदा त्या तोतयाशी सभ्यपणे बोलत असतो आणि आपण खुर्चीत अस्वस्थ होतो. एक निष्पाप मूल ठकांच्या हातात हात घालून वाळवंटात हिंडत आहे, हे फक्त आपल्याला माहीत असते. जे कुतूहल बुद्धीचे होते ते काळजीचे झाले. मुकुलचे ते शांत, दूरवर लागलेले डोळे कादंबरीत इतके जवळ येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

पण किंमत पडलीच. कादंबरीतील तोपशे हा केवळ साक्षीदार नाही. चुलतभावाविषयीच्या अभिमानाने आणि आपण त्याच्याएवढे हुशार नाही ह्या जाणिवेने भारलेला तो एक किशोर आहे. त्याच्याबरोबर चकण्यात एक प्रकारचे सख्य आहे. प्रेक्षकाला फेलूदाहून अधिक माहिती दिल्याबरोबर हे सख्य तुटते, आणि तोपशे नुसता सोबती उरतो. त्याची रिकामी जागा चित्रपटात लालमोहनबाबू भरून काढतात. संतोष दत्तांनी ही भूमिका अशी काही वठविली की, १९८८ साली ते निवर्तल्यावर रायांनी फेलूदाचा चित्रपट पुन्हा केला नाही. अज्ञान तेच, पण अजितकडे व तोपशेकडे ते निवेदनाचे साधन होते, येथे ते हास्याचे झाले. 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) मध्ये तर मगनलाल मेघराज पहिल्या भेटीतच आपले दात दाखवितो. 'कोण?' हा प्रश्न संपतो आणि गणेशाची मूर्ती 'कोठे?' एवढाच उरतो. सुरीफेकीच्या प्रसंगात लालमोहनबाबूंना फळीपुढे उभे केले जाते, ते दृश्य मी कितीदा पाहिले असेल सांगता येत नाही. परंतु रहस्यकथेशी त्याचा संबंध नाही. तो भीतीच्या कलेचा नमुना आहे.

निवेदकाला पुन्हा थोडे घर मिळाले ते दूरदर्शनवर. १९८० नंतरच्या दशकात संदीप राय ह्यांनी 'किस्सा काठमांडू का' हिंदीत केला, तेव्हा शशी कपूर फेलूदा आणि आपले मोहन आगाशे लालमोहनबाबू झाले. तो प्रयोग फारसा रुजला नाही. १९९३ साली आलेली बासू चॅटर्जींची 'व्योमकेश बक्शी' ही मालिका मात्र रुजली आणि १९९७ साली तिचे दुसरे पर्वही झाले. रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना अजित, सुकन्या कुलकर्णी सत्यवती. मालिकेचा आरंभ 'सत्यान्वेषी'नेच होतो, आणि तेथे शरदिंदूंची मूळ युक्ती अर्थातच निकामी होते : ज्याचे नाव शीर्षकात आहे तो कोण, हे प्रेक्षकाने पहिल्या क्षणीच ओळखलेले असते. पण उकलीचे दीर्घ भाषण, जे मोठ्या पडद्यावर जड झाले, ते येथे सहज पेलले जाते. घरातल्या खोलीत, चहाच्या पेल्यासमोर, एक मनुष्य दुसऱ्याला काही समजावून सांगतो आहे. छोट्या पडद्याला ह्याहून मानवणारे दृश्य नाही. रैनांचा अजित फारसे काही करीत नाही, तो ऐकतो. त्याच्या ऐकण्यात पुस्तकातला निवेदक थोडासा परत येतो, असे मला प्रत्येक वेळी वाटले आहे.

स्वतः शरदिंदूंनीच अखेरच्या काही कथांतून अजितकडून निवेदन काढून घेतले. अजित पुस्तकांच्या व्यवसायात गुंतला आणि कथा तृतीय पुरुषात चालू लागल्या. त्यांतील शेवटच्या 'विशुपाल वध' ह्या कथेत मृत्यू घडतो तो नाटकाच्या प्रयोगात, रंगमंचावर, भरल्या प्रेक्षागृहासमोर. येथे अजितची जागा शेकडो डोळ्यांनी घेतली आहे. १९७० साली लेखकाच्या निधनाने ही कथा अपुरी राहिली. नारायण सान्याल ह्यांनी ती पुढे पूर्ण केली आणि २०२२ साली तिच्यावर 'व्योमकेश हत्यामंच' हा चित्रपट निघाला.