हिरव्या पटावरील जगज्जेता : विल्सन जोन्स आणि आपली क्रीडास्मृती

इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत चार भारतीय स्त्रियांच्या संघाने लॉन बोल्स या खेळात दक्षिण आफ्रिकेचा १७-१० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. आपल्याकडील अनेक वाचकांना त्या खेळाचे नावही तेव्हाच प्रथम कळले. हिरवळीवरून मोठा चेंडू घरंगळत नेऊन एका लहान चेंडूच्या शक्य तितका निकट थांबवावयाचा, एवढेच त्याचे सूत्र होय. मोठ्या चेंडूची घडण मुद्दाम एकांगी ठेवलेली असल्याने तो वळत जातो आणि त्या वळणाच्या अंदाजातच खेळाडूचे सारे कौशल्य असते. युरोपातील अशाच हिरवळीवरील खेळांपैकी एक पंधराव्या शतकाच्या सुमारास घरात आला आणि मेजावर चढला, तोच बिलियर्ड्‌स. त्याच्या मेजावरील हिरवे कापड हे मूळच्या गवताचेच स्मरण आहे. या हिरव्या पटावर महाराष्ट्रात जन्मलेल्या एका पुरुषाने दोनदा जगज्जेतेपद मिळविले, परंतु मराठी क्रीडेतिहासात त्यास फारसे स्थान मिळाले नाही. असे का व्हावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण बिशप्स व सेंट व्हिन्सेंट्‌स या शाळांत झाले, म्हणजे ते पेठांच्या पुण्यात नव्हे, तर लष्कराच्या पुण्यात वाढले. १९४८ साली ते स्नूकरचे राष्ट्रीय विजेते झाले आणि १९५० साली बिलियर्ड्‌सचे. १९५० ते १९६६ या कालखंडात त्यांनी बिलियर्ड्‌सचे राष्ट्रीय अजिंक्यपद बारा वेळा मिळविले, तर स्नूकरचे एकूण पाच वेळा. सोळा-सतरा वर्षे एकाच माणसाचे असे वर्चस्व टिकणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

इंग्लिश बिलियर्ड्‌समध्ये बारा फूट लांब व सहा फूट रुंद अशा मेजावर केवळ तीन चेंडू असतात. आपला चेंडू दुसऱ्या दोहोंवर आदळला तर दोन गुण, तांबडा चेंडू खिशात गेला तर तीन. एक मारा साधला की पुढचाही त्याच खेळाडूचा. म्हणून खरा प्रश्न गुण मिळविण्याचा नसून चेंडू पुढील माऱ्यास सोयीच्या जागी आणून ठेवण्याचा असतो, आणि समोरचा प्रतिस्पर्धी तोवर खुर्चीत हात बांधून बसलेला असतो. शुक्रवार पेठेच्या बोळात ज्याने गोट्यांचा डाव मन लावून खेळला आहे, त्यास हे तत्त्व समजण्यास जिमखान्याचे सभासदत्व लागू नये.

१९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. तीत १९५२ चा विजेता, इंग्लंडचा लेस्ली ड्रिफील्ड हाही होता. जोन्स यांनी ती जिंकली. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे पद पुन्हा मिळविले. वैयक्तिक खेळातील पहिला भारतीय जगज्जेता असा त्यांचा उल्लेख सर्वत्र केला जातो. त्यास एक पुरवणी जोडावयास हवी : १९१० साली लंडनमध्ये गामा पहिलवानास जागतिक विजेत्याचा पट्टा मिळाला होता. तथापि ती धंदेवाईक कुस्ती होती. स्वतंत्र भारतापुरते पाहिल्यास जोन्स यांचा मान अबाधित राहतो.

आता त्यांच्याशेजारी खाशाबा जाधव यांना ठेवून पाहावे. कराडनजीकच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यांचे स्वागत बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झाले आणि त्यांची कथा महाराष्ट्राच्या तोंडी राहिली. परंतु शासनाने त्यांना हयातीत पद्म पुरस्कार दिला नाही. १९८४ साली ते निवर्तले, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच मिळाला. उलट जोन्स यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली, पुढे १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कारही. समाजाने एकास हृदयाशी धरले व शासनाने दुसऱ्यास सन्मानिले.

याचे कारण खेळाच्या गुणवत्तेत शोधणे व्यर्थ आहे, असे आमचे मत आहे. ते शहरांच्या रचनेत आहे. पुण्यात जशा पेठा एका अंगास व लष्कर दुसऱ्या अंगास, तशीच सोलापुरातही शुक्रवार पेठेसारखी जुनी वस्ती एकीकडे व सदर बझार-लष्कर दुसरीकडे. तालीम पेठेत, बिलियर्ड्‌सचे मेज छावणीच्या क्लबात. मराठी क्रीडालेखनाने पेठेच्या बाजूने चालणे पत्करले आणि दुसऱ्या बाजूस जे घडले ते परक्यांचे मानले. त्या क्लबांत भारतीयांना दीर्घकाळ मज्जाव होता, ही गोष्ट खरी. ते शल्यही खोटे नव्हते. परंतु ज्याने स्वातंत्र्यानंतर भारताच्या नावाने खेळून जगज्जेतेपद आणले, त्याच्यावर त्या मज्जावाचा राग काढणे हा इतिहासाचा न्याय नव्हे. स्नूकर हा खेळ तर १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी भोजनगृहातच जन्मास आला. त्यास सर्वस्वी परदेशी म्हणावयाचे तरी कसे?

जोन्स यांनी उत्तरायुष्यात तरुण खेळाडूंना शिकविले आणि २००३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ या वर्षी तेच जागतिक पद मिळविले होते. पुढे अनेक जागतिक पदे मिळविणारे पंकज अडवाणी १९८५ साली पुण्यातच जन्मले.