पडल्या भिंतीचा धनी कोण?

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणातल्या किल्ल्याचा बुरूज ढासळला. मग काय विचारता! चिखल कालवणारा म्हणे, "माझी माती चांगली मळलेली होती, दगड रचणाऱ्यानेच आत पोकळी ठेवली." दगड रचणारा म्हणे, "मला घाई कोणी केली?" आणि तिसरा, ज्याने नुसते मावळे मांडण्याचे काम केले होते, तो कमरेवर हात ठेवून विचारी, "ते राहू द्या. माझे सात मावळे गाडले गेले, त्यांची भरपाई कोण देणार?"

मी ओसरीवर वह्या तपासत होतो. त्या चिमुकल्या वकिलाचा प्रश्न कानी पडला आणि हातातला तांबडा टाक तसाच राहिला. कारण हाच प्रश्न ऐन श्रावणात मी मोठ्या माणसांच्या सभेत ऐकला होता, आणि तिथे त्याला उत्तर मिळाले नव्हते.

आमच्या शाळेच्या दोन नव्या खोल्यांचे काम चालू होते. एके दिवशी दुपारी परांची सुटली आणि पाटी घेऊन चढलेली एक बिगारी बाई खाली आली. जीव वाचला, पण खुब्याचे हाड मोडले. कंत्राटदार म्हणाला, "बाई माझी नव्हे, मुकादमाची." मुकादम म्हणाला, "मी फक्त माणसे आणतो, परांची मी बांधलेली नाही." आमची इमारत समिती म्हणाली, "आम्ही काम कंत्राटदाराला दिले, माणसांशी आमचा संबंध नाही." अखेर आम्ही मास्तरमंडळींनी वर्गणी काढली, ती तिच्या नवऱ्याच्या हाती ठेवली आणि बाई आपल्या गावी गेली. मी त्या समितीचा चिटणीस. करारपत्र पुन्हा काढून वाचले. त्यात सिमेंट-वाळूचे प्रमाण होते, खिडक्यांची मापे होती, दरवाजांचा रंगसुद्धा होता. माणूस पडला तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हते. खाली सही माझीच होती.

माझे वडील गवंडी. ओळंबा आणि गुण्या ही आमच्या घरची देवघरातली चीजवस्तू. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची. तरीही मला हे सुचू नये, याची लाज वाटली. तेव्हापासून रात्रीचा दिवा लावून मी जुनी पुस्तके चाळू लागलो. भिंत पडली तर तिचा धनी कोण, हा प्रश्न माणसाने केव्हापासून विचारला आणि त्याला काय काय उत्तरे दिली, ते पाहू म्हटले. जे हाती लागले ते फराळाच्या ताटाशेजारी आपल्यापुढे ठेवतो.

सर्वांत जुने उत्तर फार कडक आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने आपले कायदे काळ्या दगडावर कोरवून घेतले. तो दगड १९०१-०२ च्या हंगामात इराणातल्या सूसा येथे फ्रेंच उत्खननात सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात उभा आहे. त्यात घर बांधणाऱ्याची मजुरी ठरवून दिली आहे आणि लगेच पुढच्या कलमांत त्याची जबाबदारी. घर कच्चे बांधले, ते पडले आणि मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. गुलाम मेला तर गुलामाबदली गुलाम. सामानसुमानाची नासाडी झाली तर ती भरून द्यायची आणि घर स्वतःच्या खर्चाने पुन्हा उभारायचे. शेवटचे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटले: भिंत नुसती कलू लागली, तरी बांधणाऱ्याने पदरच्या चांदीने ती पक्की करून द्यावी.

पण वाचकहो, या कायद्यात दोन उणिवा आहेत. बापाच्या चुकीसाठी निरपराध पोराचा जीव घेणे ही एक. दुसरी माझ्या ध्यानात जरा उशिरा आली. मालक आहे, मालकाचा मुलगा आहे, गुलामही आहे. परंतु भिंत बांधता बांधता जो खाली पडला त्याच्यासाठी या कलमांत ओळ नाही. करारपत्र लिहिताना मी जे विसरलो, ते हम्मुराबीही विसरला होता. एवढेच काय ते समाधान!

आपल्याकडे कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त वेगळा विचार दिसतो. या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. तिच्या चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे येथून होतो. स्थळ, काळ आणि काम आधी ठरवून घ्यावे. मुदत टळली तर मजुरीतला चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा. याहून मोलाची गोष्ट म्हणजे, कारागिरांनी गिऱ्हाइकाचा माल घ्यावा तो आपल्या श्रेणीच्या, म्हणजे धंद्याच्या संघाच्या भरवशावर. आणि माल घेणाऱ्यावर आपत्ती आली तर ती ठेव श्रेणीने भरून द्यावी. इथे एकट्याच्या मानेवर तलवार नाही. एकाच्या चुकीला दहा जणांचा खांदा आहे, आणि म्हणूनच कोणाला आपल्यात घ्यायचे हे ते दहा जण पारखून घेणार हेही उघड आहे. आज ज्याला आपण जामीनकी, परवाना आणि विमा म्हणतो, त्या तिघांचे बी मला या एका नियमात दिसते.

ते बी रुजून त्याचे झाड झाले ते मात्र दूर लंडनमध्ये, आणि तेही राखेतून. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेन नावाच्या गल्लीत एका भटारखान्यात आग लागली. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे, ८७ चर्चे आणि सेंट पॉलचे प्रचंड देऊळ जळून गेले. घरे बहुतेक लाकडी, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की वरचे मजले एकमेकांना टेकू पाहत.

फेब्रुवारी १६६७ मध्ये पार्लमेंटने शहर पुन्हा बांधण्याचा कायदा केला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडांच्याच हव्यात, असा दंडक घातला. घरांचे चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाच्या भिंतींची जाडी ठरवून दिली. शहराने आपले सर्व्हेअर नेमले; त्यांत शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकही होता. मालकाने आधी शहराच्या खजिन्यात ६ शिलिंग ८ पेन्स भरायचे, मग सर्व्हेअर येऊन पायाच्या खुंट्या ठोकून देणार, आणि त्यानंतरच कुदळ घालायची. गावपातळीवरच्या बांधकाम-परवान्याचे याहून स्पष्ट चित्र कुठे मिळेल?

आणखी एक अडचण होती. शहरात सुतारकाम किंवा गवंडीकाम करायचे तर त्या त्या धंद्याच्या संघाची सनद लागे, आणि ती सहसा सात वर्षे उमेदवारी केल्यावर मिळे. तेरा हजार घरे बांधायला इतके सनदी कारागीर आणायचे कोठून? तेव्हा कायद्याने दार उघडले. बाहेरगावचे गवंडी, सुतार, पाथरवट यांना सात वर्षे मोकळेपणी काम करू द्यावे, आणि जो सात वर्षे शहर उभारण्यात राबेल त्याला तो हक्क जन्मभर राहावा. परवाना हे कुंपण असते हे खरे. पण गरजेच्या वेळी त्यालाच फाटक करता येते, हे लंडनकरांनी दाखवून दिले.

आता विम्याची गोष्ट. जर्मनीतल्या हँबुर्ग शहराने १६७६ साली आगीच्या विम्याची सरकारी संस्था काढली. लंडनमध्ये हा धंदा मांडला तो निकोलस बार्बन याने, १६८० च्या सुमारास. हा गृहस्थ शिकला वैद्यकी आणि झाला घरबांधणीचा मोठा कंत्राटदार. त्याचा दर ऐकण्याजोगा आहे. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के. कायद्याचा शिपाई प्रत्येक दारी जाऊ शकत नाही. पण दुप्पट हप्ता मात्र प्रत्येक मालकाला दरसाल आठवण करून देतो की, बाबा, लाकूड सोड आणि वीट धर.

गंमत पाहा. याच बार्बनची मिन्सिंग लेनमधली काही घरे तळघराच्या कमानी कच्च्या निघाल्यामुळे कोसळली, असे त्याला ओळखणाऱ्या रॉजर नॉर्थने लिहून ठेवले आहे. दुसऱ्यांच्या घरांचा विमा उतरवणाऱ्याच्या स्वतःच्याच भिंती पडाव्यात! यातून मी एवढा धडा घेतला की विमा हा चांगल्या पायाला पर्याय नव्हे. पाया तपासायला सर्व्हेअर हवा आणि तपासूनही घात झाला तर विमा हवा. एक आधीचे काम करतो, दुसरा नंतरचे.

लंडन राहू द्या. आपल्या बोरघाटाकडे या. पुण्या-मुंबईचा प्रवास करताना खंडाळ्याच्या बोगद्यांतून गाडी जाते तेव्हा मुले मोठ्याने आरोळ्या मारतात. तो मार्ग बांधायला १८५६ साली सुरुवात झाली. मक्ता होता विल्यम फेविएल याच्याकडे. १८५३ साली धावलेल्या मुंबई-ठाणे लोहमार्गाच्या कामातही तो होता. त्याने कामाचे तुकडे करून पोटमक्तेदारांना दिले, त्यांनी मुकादमांना, आणि मजुरी या उतरंडीतून खाली झिरपता झिरपता आटून गेली. १८५९ च्या आरंभी पगार थकलेले मजूर खवळून उठले. दंगल झाली, चौकशी झाली आणि फेविएलच्या हातून काम गेले. पुढच्याच वर्षी, १८६० साली, अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट तोडावेत असा कायदा आला.

नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता सोडून न देता अनुभवी इंजिनियरांच्या हाती व्यवस्था देऊन तो पुरा करून घेतला. १८६१ साली घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकीच्या साथीत, सुरुंगांत, कड्यांवरून पडून किती तरी मेली. १८६३ साली घाट खुला झाला, समारंभ झाला, भाषणे झाली. आणि १८६७ च्या पावसाळ्यात याच घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. दोष निघाला तो कच्च्या दगडकामाचा. पूल पुन्हा बांधता आला. मेलेल्या मजुरांच्या घरचे काय झाले, ते विचारायला तेव्हा कायद्यात जागाच नव्हती.

ती जागा व्हायला आणखी साठ वर्षे गेली. मध्यंतरी १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने सर्व्हेअर आणि नळकारागीर यांना परवाने देण्याची सोय केली. परंतु कामावर जायबंदी झालेल्या माणसाला नुकसानभरपाई मिळावी, असा कायदा झाला तो १९२३ साली, आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्यातले एक कलम तर आमच्या सभेसाठीच लिहिले आहे असे वाटावे. आपल्या धंद्याचे काम मधल्या कंत्राटदाराकडून करून घेणाऱ्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. त्याने ती आधी द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणजे "बाई माझी नव्हे" हा खेळ खेळायचाच झाला तर मोठ्यांनी आपसात खेळावा. जखमी माणसाला त्यात चेंडू करू नये. पुढे १९७० साली कंत्राटी मजूर पुरवणाऱ्यांना परवाना लावला, १९९६ साली बांधकाम-मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला, आणि २०२० साली संसदेने असे जुने कायदे नव्या संहितांत एकत्र ओवले.

एवढे सगळे होऊनही श्रावणात आमच्या शाळेच्या आवारात आम्ही बोरघाटाच्याच काळात उभे होतो! कायदा नव्हता असे नाही. कंत्राटदाराकडे परवाना आहे का, मजुरांचा विमा उतरवला आहे का, हे दोन प्रश्न विचारायला पैसा लागत नव्हता. आम्ही दर विचारला, मुदत विचारली आणि सर्वांत कमी रकमेच्या कागदावर शिक्का मारला. ज्याने विम्याचा हप्ता धरून हिशेब केला असेल, तो बिचारा त्या रकमेमुळेच मागे पडला असेल. स्वस्ताई आम्हांला मिळाली आणि तिची किंमत त्या बाईच्या खुब्याने चुकती केली.

गेल्या आठवड्यात समितीची सभा झाली. कुंपणाच्या भिंतीचे काम काढायचे आहे. मी म्हटले, यापुढे परवान्याची नक्कल आणि मजुरांच्या विम्याची पावती फायलीत लागल्याखेरीज पायाची दोरी धरायची नाही. एक सभासद कुरकुरले, "मास्तर, दर वाढतील." मी म्हटले, "वाढू द्या. भिंत चार हात कमी बांधू." ठराव झाला, पण एका मताने.

आणि जुन्या कामाचे? ती भिंत पडली नाही, माणूस पडला. भरपाईसाठी अर्ज करण्याची मुदत अजून टळलेली नाही, असे वकिलांकडून समजले. कंत्राटदाराला दिलेल्या रकमांचे कागद माझ्याच कपाटात आहेत. बाई त्या दिवशी कामावर होती हे सांगणारे गवंडी गावातच आहेत. भाऊबीज झाली की मी तिच्या गावी जाणार आहे. अर्ज तिचा, पहिली साक्ष माझी. त्या साक्षीत आमच्या समितीची आणि माझ्या सहीची गोष्टही सांगावी लागेल. ती सांगण्याची माझी तयारी आहे.

अंगणातला बुरूज मुलांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभारला. मावळ्यांच्या भरपाईचा निकालही लागला. तिघांनी मिळून आपापल्या खाऊच्या पैशांतून सात मावळे विकत आणले. कौटिल्याची श्रेणी त्यांना कोणी शिकवली, कोण जाणे!