मास्तर, मेस्त आणि राखणदार

पेडण्यात चौकट निखळली की मेस्ताला बोलावतात, मुलाचं गणित अडलं की मास्तरांकडे धाडतात. दोघे एकाच घरातले. लॅटिन 'माजिस्तेर'पासून पोर्तुगीज 'मेश्त्र' झाला, त्याचा आपला मेस्त, मिस्त्री. इंग्रजीमार्गे आला तो मास्तर. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात आधी जिंकलेल्या भागात, चर्चच्या शाळेत सूर आणि व्हायोलिन शिकवणाराही मेस्त्रीच! पेडणे, डिचोली मात्र पोर्तुगिजांच्या हाती गेली अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिथे ओसरीवर मराठी मुळाक्षरं गिरवून घ्यायचे ते पंतोजी. हा 'पंत' म्हणजे आटलेला पंडित.

आणि शिकवणीवाला ट्यूटर? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सांभाळणारा, राखणदार. पोर्तुगीज कायद्यात 'तुतोर' म्हणजे अज्ञान मुलाचा पालकच. गोव्यात मात्र राखणदार म्हणजे गाव सांभाळणारा देवचार; तो गावाच्या वेशीवर असतो, आणि फी म्हणून रोट-विडी घेतो.