मेणापासून फिलरपर्यंत : चेहऱ्यावरच्या सुईचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

लग्नसराई जवळ आली की मेंदी आणि पार्लरच्या जोडीला आता आणखी एक विषय निघतो. ओठांना फिलर करावे का, डोळ्यांखालचे खड्डे भरून घ्यावेत का? जाहिरातीत ही गोष्ट अगदी नवी आणि अर्ध्या तासात उरकणारी म्हणून दाखवली जाते. प्रत्यक्षात चेहऱ्यात सुईने काहीतरी भरण्याचा हा उद्योग सव्वाशे वर्षांचा आहे. ज्यांनी त्याची किंमत मोजली, त्यांच्यामुळेच सुई टोचून घेण्याआधी काय विचारायचे, ते आज आपल्याला कळते.

सुरुवात व्हिएन्नात झाली. रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने १८९९ मध्ये क्षयरोगामुळे अंडकोष गमावलेल्या एका रुग्णाला व्हॅसलीनसारखा पदार्थ टोचून तिथला आकार परत दिला. हेतू उपचाराचा होता. पण युक्ती जमली म्हटल्यावर वितळवलेले पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून काढलेले मेण, बसक्या नाकांत, सुरकुत्यांत आणि गालांत भरले जाऊ लागले. पहिले काही महिने चेहरा छान दिसे. मग मेण जागा सोडून सरके, त्याभोवती टणक गाठी होत, कातडी फुटे. रक्तवाहिनीत शिरले तर फुप्फुसावर किंवा डोळ्यावर बेतत असे. काढायला जावे, तर मेण मांसात इतके मुरलेले असे की ते मांसच कापावे लागे.

ग्लॅडिस डीकन ही त्या काळी युरोपभर गाजलेली अमेरिकन सौंदर्यवती. नाकाची रेघ ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून तिने ऐन विशीत नाकात पॅराफिन भरून घेतले. ते पुढे हनुवटीकडे उतरले आणि चेहरा विद्रूप झाला. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली, १९७७ पर्यंत जगली. पण तो चेहरा काही परत आला नाही.

पॅराफिन बदनाम झाले, तरी हव्यास संपला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि मग अमेरिकेत द्रवरूप सिलिकॉन टोचण्याची लाट आली. सिलिकॉन शरीरात विरघळत नाही, हाच त्याचा गुण म्हणून सांगितला गेला आणि तोच त्याचा दोष ठरला. कित्येक वर्षांनीही गाठी उठत, सिलिकॉन सरकत जाई. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याने १९७० च्या दशकात ते टोचणे हा गुन्हाच ठरवला. मेण काय किंवा सिलिकॉन काय, जे परत काढता येत नाही ते आत घालू नये, हा धडा दोन पिढ्यांना चेहऱ्यावर गिरवावा लागला.

त्यानंतर विरघळणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजेनला मान्यता दिली. ते काही महिन्यांत जिरून जाई, पण काहींना त्याची ॲलर्जी येई, म्हणून आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. आज सर्वाधिक वापर हायलुरोनिक ॲसिडचा होतो. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये बैलाच्या डोळ्यातून ते पहिल्यांदा वेगळे केले. आपल्या कातडीतही ते असतेच. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता बहुतेक जिवाणूंच्या साहाय्याने बनवतात. त्याचा खरा फायदा असा की बिघडले तर हायलुरोनिडेज हे एन्झाइम टोचून ते विरघळवता येते. कायमस्वरूपी फिलरला ही सोय नाही.

बोटॉक्सची गोष्ट वेगळी आहे, आणि बरेच लोक दोन्हींत गल्लत करतात. फिलर पोकळी भरतो. बोटॉक्स स्नायू काही महिन्यांसाठी सैल पाडतो. मुळात ते खराब सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे विष. जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर याने १८२० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले आणि १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या कॅरदर्स डॉक्टर दांपत्याला डोळ्यांच्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या दिसल्या, आणि २००२ मध्ये आठ्यांसाठीही मान्यता आली. विषाचे औषध होते ते मात्रेमुळे आणि देणाऱ्या हातामुळे. २०२४ मध्ये बनावट किंवा अनधिकृत हातांनी दिलेल्या अशा इंजेक्शनांनंतर अमेरिकेत अनेक राज्यांत लोक आजारी पडले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले.

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिला प्रश्न जायज-नाजायजचा येतो. तेव्हा हजरत अर्फजा बिन असद (रजि.) यांची हदीस सांगितली जाते. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी सुटली, म्हणून प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक लावायला सांगितले. व्यंग दूर करणे आणि केवळ हौसेखातर चेहरा बदलणे यांत उलेमा जो फरक करतात, त्याला या हदीसचा आधार आहे. कोणाचे प्रकरण कुठे बसते, हे आलिमांनाच विचारावे. पण त्या हदीसमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. शरीराने चांदी स्वीकारली नाही, तेव्हा पदार्थच बदलला गेला. शरीराला काय सोसते, हा प्रश्न तिथेही होता. शिवाय जायज ठरलेली गोष्टही अडाणी हातात नुकसानच करते.

म्हणून सुईखाली बसण्याआधी काही गोष्टी नक्की कराव्यात. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का, त्वचारोगात किंवा प्लास्टिक सर्जरीत तिचे पदव्युत्तर शिक्षण झाले आहे का? पार्लरमधला छोटा कोर्स म्हणजे वैद्यकीय शिक्षण नव्हे. कुपी आपल्यासमोर फोडली जाते का, तिच्यावरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आपल्याला लिहून मिळते का? पदार्थ विरघळणारा आहे का, आणि ते एन्झाइम त्याच खोलीत ठेवलेले आहे का?

हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नये. फिलर रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, आणि डोळ्याच्या वाहिनीपर्यंत पोचला तर दृष्टी जाऊ शकते. नाक आणि भुवयांमधली जागा यासाठी सर्वांत धोक्याची. टोचल्यावर असह्य दुखणे, कातडी पांढरी पडणे किंवा निळसर जाळी उमटणे, अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर ‘उद्या बघू’ म्हणायला वेळ नसतो. लगेच डॉक्टरांना दाखवावे, दृष्टीचा त्रास असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. बोटॉक्सनंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तरी तसेच.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे सध्या टाळावे. स्नायूंचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, जुनी ॲलर्जी, चेहऱ्यावर आलेला फोड, हे सगळे डॉक्टरांना आधी सांगावे. आणि निकाह आठ दिवसांवर आला असताना तर पहिल्यांदा टोचून घेऊच नये. सूज आणि काळे-निळे डाग उतरायला तेवढे दिवस सहज लागतात.